‘पुन्हा याल का?’ हा प्रश्न गणपतीपुळ्यात विचारला तर

पर्यटनावरचं संशोधन वाचायला घेतलंत की पहिल्या आठवड्यातच एक आकृती तुम्हाला भेटते. डावीकडे चार-पाच चौकटी: निसर्गसौंदर्य, स्वच्छता, राहण्या-जेवणाची सोय, कर्मचाऱ्यांची वागणूक, पैशाचा मोबदला. मधोमध एक मोठी चौकट: समाधान. उजवीकडे शेवटची चौकट: लॉयल्टी. सगळे बाण डावीकडून उजवीकडे जातात. बाणांवर आकडे असतात आणि आकड्यांच्या डोक्यावर दोन किंवा तीन चांदण्या. चांदण्या म्हणजे ‘हा संबंध योगायोगाने आलेला नाही’ असं संख्याशास्त्राचं प्रमाणपत्र. जागा बदलते, देश बदलतो, आकृती तीच राहते. आणि निष्कर्षही तोच: पर्यटक समाधानी असेल तर तो पुन्हा येतो आणि इतरांना सांगतो, म्हणून व्यवस्थापनाने समाधान वाढवावं.

या पोस्टमध्ये मला त्या आकृतीवर टीका करायची आहे. विशेषतः ती ‘इकोटुरिझम’साठी जशीच्या तशी उचलली जाते, त्यावर. हवेत बोलण्यापेक्षा एक जागा धरून बोलूया, म्हणून गणपतीपुळे. तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असणार, त्यामुळे मी काही चुकीचं सांगत असेन तर तुम्हाला लगेच कळेल, हाही एक फायदा.

आधी आकृतीची बाजू मांडते, कारण ती मूर्खपणाची नाही. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये समाधानाचं एक साधं सूत्र मांडलं. ग्राहक मनात काहीतरी अपेक्षा घेऊन येतो. प्रत्यक्ष अनुभव अपेक्षेपेक्षा सरस निघाला तर समाधान, कमी पडला तर नाराजी. हे सूत्र वस्तूंच्या बाजारातून आलं आणि पुढे पर्यटनात रुजलं. यून आणि उयसाल यांचा २००५ सालचा उत्तर सायप्रसवरचा पेपर, ची आणि कू यांचा २००८ सालचा अमेरिकेतल्या युरेका स्प्रिंग्जवरचा पेपर, ही या घराण्यातली सगळ्यात जास्त उद्धृत होणारी नावं. त्याआधी पर्यटन खाती फक्त डोकी मोजायची. ‘यंदा इतके लाख आले’ यापलीकडे काही नाही. आलेल्या माणसाला थांबवून ‘तुला कसं वाटलं?’ असं विचारणं ही त्या मानाने सुधारणाच होती, हे मान्य करायलाच हवं.

माझी तक्रार पुढच्या पायरीवर सुरू होते.

मी मूळची विज्ञानशाखेची. आमच्याकडे एखादं उपकरण नव्या ठिकाणी नेलं की ते काय मोजतंय हे आधी तपासून घेतात. गोड्या पाण्यासाठी बनवलेलं मीटर खाडीत बुडवलं तरी ते आकडा दाखवतंच. आकडा दिसला म्हणजे मोजमाप झालं असं नसतं. ही प्रश्नावली म्हणजे असंच एक मीटर आहे. ते गणपतीपुळ्याच्या वाळूत बुडवून बघूया.

पुळ्याचा गणपती स्वयंभू मानतात. देऊळ थेट समुद्राला लागून, पश्चिमेकडे तोंड करून आहे, आणि देवळामागची टेकडी हेच गणपतीचं रूप अशी श्रद्धा आहे. त्यामुळे इथली प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती संपत नाही, सबंध टेकडीला घालावी लागते, सुमारे एक किलोमीटरची. समोर पांढरी पुळण. पुळणीवर उंट, घोडे, वाळूत पळणाऱ्या चारचाकी मोटारसायकली, वॉटर स्पोर्ट्स. एमटीडीसीचं रिसॉर्ट अगदी किनाऱ्याला. गावात घरगुती राहण्याच्या सोयी आणि उकडीचे मोदक. दोनेक किलोमीटरवर मालगुंड, म्हणजे केशवसुतांचं जन्मगाव आणि त्यांचं स्मारक. दक्षिणेला रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेचा तो वळणाचा रस्ता, जो तुम्ही निदान एका तरी रीलमध्ये पाहिला असेल. हे तीर्थक्षेत्र आहे, समुद्रपर्यटन आहे, कौटुंबिक सहल आहे आणि जाहिरातींच्या फलकांवर ‘निसर्ग पर्यटन’ही आहे. प्रश्नावलीला यातलं काहीच वेगवेगळं दिसत नाही.

आता तो प्रश्न. ‘भविष्यात तुम्ही या ठिकाणी पुन्हा याल का? १ ते ५ पैकी एक पर्याय निवडा.’

देवळातून बाहेर पडलेल्या माणसाला हे विचारून बघा. ‘बोलावलं की येणार’ असं उत्तर मिळतं. कोणी बोलावलं, हे विचारायची गरज नसते. कोणी नवस फेडायला आलेलं असतं, कोणी लग्नानंतर जोडीने, कोणी बाळाला पहिल्यांदा पायावर घालायला. कोणाच्या घरात आजोबांपासून वर्षातून एकदा पुळ्याला जायचं ठरलेलंच आहे. ही माणसं ‘५’ वर खूण करतात आणि अगदी खरी करतात. पण हा ‘५’ स्वच्छतागृह स्वच्छ होतं म्हणून आलेला नाही. स्वच्छतागृह घाण असतं, पार्किंगला दीड तास लागला असता, खोलीत पाणी आलं नसतं, तरी पुढच्या अंगारकीला हीच गाडी इथेच उभी दिसली असती. ही माणसं समाधानी झाली म्हणून निष्ठावान झालेली नाहीत. ती निष्ठावान होऊनच घरून निघाली होती. आणि निष्ठा असल्यामुळे गैरसोयीकडे काणाडोळा करून ‘छान झालं दर्शन’ म्हणाली. म्हणजे बाण आहे, पण उजवीकडून डावीकडे. आकृतीत मात्र तो उलट काढलेला असतो, आणि तीन चांदण्या तशाच चमकत राहतात, कारण संख्याशास्त्राला बाणाचं टोक दिसत नाही. त्याला फक्त दोन आकडे एकत्र वरखाली होताना दिसतात.

उलटंही होतं. पुण्याचं एखादं नवीन जोडपं येतं, चार दिवस मजेत राहतं, सगळीकडे ‘५’ देतं, आणि पुढच्या वर्षी तारकर्लीला जातं, त्याच्या पुढच्या वर्षी गोव्याला. त्यांचं समाधान शंभर टक्के खरं. त्यांना नवीन जागा बघायच्या असतात, एवढंच. गिटेलसन आणि क्रॉम्प्टन यांनी १९८४ मध्येच माणसं त्याच जागी पुन्हा का जातात याची कारणं मांडली होती: ओळखीच्या जागी फसगत होण्याचा धोका कमी, आपल्यासारखीच माणसं भेटण्याची खात्री, लहानपणापासूनचा जिव्हाळा, मागच्या वेळी राहून गेलेलं बघणं, आणि दुसऱ्या कोणाला तरी ती जागा दाखवणं. यातलं शेवटचं वाचून मला हसू आलं. आपल्याकडे ‘सूनबाईंनी अजून पुळं बघितलेलं नाही’ हे सहल ठरायला पुरेसं कारण असतं. इतकी जुनी आणि इतकी शहाणी यादी हाताशी असताना नंतरच्या कित्येक पेपरांत लॉयल्टी म्हणजे तीन वाक्यं उरली: मी पुन्हा येईन, मी शिफारस करेन, मी चांगलं बोलेन.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकते. इंग्रजी प्रश्नावलीतलं ‘लॉयल’ मराठीत आणताना लोक ‘एकनिष्ठ’ करतात. ‘मी या पर्यटनस्थळाशी एकनिष्ठ आहे’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत ‘निष्ठावंत’ हा शब्द ज्या बातम्यांत ऐकू येतो, तिथून तो वाळूवर आणला की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग काहीतरी खूण करून कागद परत देतो.

आणि खूण बहुतेक उजवीकडेच होते. यामागे आपल्या रीतीभातीचा भाग आहे. अनोळखी विद्यार्थिनी उन्हात कागद घेऊन उभी आहे, विचारते आहे ‘कसं वाटलं?’, तिला ‘वाईट’ कोण म्हणेल? शिवाय कागद भरतं कोण? सातजणांच्या कुटुंबातला एक पुरुष, बहुतेकदा ज्याने गाडी चालवली आणि बिल भरलं तोच. पायऱ्या चढताना गुडघे धरून बसलेल्या आजी, दिवसभर ओले कपडे आणि डबे सांभाळणाऱ्या वहिनी, उंटावर बसायला घाबरलेला मुलगा, यांचं समाधान त्या एका कागदात धरून चाललेलं असतं. वर, समाधानाचा प्रश्न आणि पुन्हा येण्याचा प्रश्न एकाच कागदावर, एकाच पेनने, एकाच मूडमध्ये भरलेला. जो उजवीकडे खुणा करत सुटला तो शेवटपर्यंत उजवीकडेच करतो. मग दोन उत्तरांत घट्ट संबंध सापडला याचं नवल ते काय? संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत या दोषाला नाव आहे, त्यावर उपायही सांगितलेले आहेत. पण बऱ्याच पेपरांत त्याची बोळवण शेवटच्या पानावर ‘मर्यादा’ या मथळ्याखाली एका ओळीत होते.

आता नमुन्याची गोष्ट. समजा (हे आकडे फक्त समजण्यासाठी), वीस वर्षांपूर्वी शंभर कुटुंबं शांत किनारा म्हणून इथे यायची. गर्दी वाढली तशी त्यातली साठ कंटाळली आणि दुसरीकडे गेली, आधी आरे-वारेला, तिथे गर्दी झाली तर आणखी पुढच्या एखाद्या गावाला. उरलेल्या चाळिसांना गर्दीचं वावडं नव्हतं, आणि गर्दीच आवडणारी आणखी पाचशे नवीन आली. आज तुम्ही पुळणीवर उभं राहून सर्व्हे केलात तर पाचशे चाळीस समाधानी माणसं सापडतील. समाधान वाढलं असा ग्राफही निघेल. ते साठ तुमच्या कागदावर कधीच येणार नाहीत, कारण ते आता तिथे येतच नाहीत.

हा माझा शोध नाही. अमेरिकेत नद्या आणि जंगलातल्या सहलींवर शेल्बी आणि हेबरलाइन यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत भरपूर काम केलं. ग्रँड कॅन्यनमधून तराफ्यावर जाणाऱ्या लोकांना नदीवर किती माणसं भेटली आणि त्यांचं समाधान किती, यात म्हणावा असा संबंधच त्यांना सापडेना. गर्दी वाढली तरी समाधान ढळत नव्हतं. कारणं साधी होती. ज्यांना गर्दी सोसत नाही ते निघून गेलेले. जे राहिले त्यांनी ‘ही जागा अशीच असते’ म्हणून अपेक्षाच बदलून घेतलेल्या. आणि पैसे, रजा, प्रवास इतकं घातल्यावर ‘मजा नाही आली’ हे स्वतःशी कबूल करणंही जड जातं. या लोकांनी चाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलं की समाधान हा जागेची तब्येत सांगणारा निर्देशांक म्हणून निकामी आहे. इकोटुरिझमच्या प्रश्नावल्या तरीही तोच वापरतात. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

ऑलिव्हर यांच्या सूत्राकडे या नजरेने परत बघा. समाधान म्हणजे अनुभव वजा अपेक्षा. मग किनारा बिघडत गेला आणि अपेक्षा त्याच गतीने खाली येत गेली तर? वजाबाकी तेवढीच राहते. मत्स्यवैज्ञानिक डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये माशांच्या संदर्भात हेच सांगितलं होतं. प्रत्येक पिढी आपण तरुणपणी पाहिलेला समुद्र ‘मूळ’ धरते आणि तिथून पुढची घट मोजते, आधी गमावलेलं कोणाच्या हिशेबातच येत नाही. पुळण पूर्वी किती रुंद होती, शंख-शिंपले किती मिळायचे, रात्री किनारा किती काळोखा असायचा, हे २०२४ मध्ये पहिल्यांदा आलेल्या मुलाला कसं माहीत असणार? त्याचा ‘५’ प्रामाणिक आहे. त्यावरून किनाऱ्याबद्दल काहीही कळत नाही.

आणि लॉयल्टी? ऑलिव्हर यांचं सूत्र आलं त्याच वर्षी, १९८० मध्ये, रिचर्ड बटलर यांनी पर्यटनस्थळाच्या आयुष्याचे टप्पे मांडले: शोध, सहभाग, विकास, एकत्रीकरण, साचलेपण, आणि मग घसरण किंवा नवसंजीवनी. यातल्या साचलेपणाच्या टप्प्याची जी लक्षणं ते सांगतात, त्यात एक आहे पुन्हा पुन्हा येणाऱ्या जुन्याच पर्यटकांवर मोठी भिस्त. म्हणजे एका शाखेत जे यशाचं मोजमाप, ते दुसऱ्या शाखेत आजाराचं लक्षण. दोन्ही पेपर हजारो वेळा उद्धृत झालेत, कधीकधी एकाच प्रबंधात, लागोपाठच्या पानांवर.

इथवरचं सगळं कोणत्याही पर्यटनाला लागू आहे. ‘इको’ जोडलं की गोष्ट आणखी गंभीर होते. इंटरनॅशनल इकोटुरिझम सोसायटीची व्याख्या बघा. नैसर्गिक जागी असा जबाबदार प्रवास, ज्याने पर्यावरणाचं जतन होतं, स्थानिकांचं भलं होतं, आणि २०१५ मध्ये भर घातल्याप्रमाणे, जाणणं-शिकणंही होतं. यात पर्यटकाच्या समाधानाचा शब्दही नाही. तो असू नये असं नाही. पण ज्या गोष्टी व्याख्येत आहेत त्या आकृतीत नाहीत आणि जी व्याख्येत नाही ती आकृतीच्या मधोमध बसली आहे.

हे कुठे नेतं ते बघण्यासाठी पुळ्याहून उत्तरेला जाऊया, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक गावातल्या घरांत राहतात, तिथेच जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर पिल्लं समुद्रात जाताना बघायला जातात. मुद्दा असा की पिल्लं येतीलच असं नाही. अंडी फुटायला साधारण पन्नास दिवसांच्या आसपास लागतात, वाळूच्या तापमानावर मागेपुढे होतात, आणि पिल्लांना तुमच्या शनिवार-रविवारचं काही देणंघेणं नसतं. मुंबईहून सात-आठ तास प्रवास करून आलेलं कुटुंब काहीही न बघता परत जाऊ शकतं.

अनुभव वजा अपेक्षा या हिशेबाने ही भेट नापास. मग समाधान वाढवायचा उपाय काय? ज्याला मार्केटिंग कळतं तो लगेच सांगेल: पिल्लं दिसतीलच अशी हमी द्या. रात्री वर आलेली पिल्लं सकाळी पर्यटक जमेपर्यंत थांबवून ठेवा, सकाळची संध्याकाळपर्यंत. इथे मला हात वर करावासा वाटतो. पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा पोटात उरलेल्या बलकाची शिदोरी घेऊन येतं, आणि त्या जोरावर पहिला दिवसभर जवळजवळ अखंड पोहत किनाऱ्यालगतच्या शिकाऱ्यांपासून लांब जातं. त्याला जितका वेळ थांबवाल तितकी शिदोरी वाळूवरच खर्च होते. म्हणजे समाधानाचा एक गुण वाढवण्याची किंमत पिल्लू मोजतं. प्रश्नावलीत पिल्लासाठी रकाना नाही. चांगल्या ठिकाणी हा मोह कार्यकर्ते रोज आवरतात, लोकांना ‘आज नाही’ असं सांगतात आणि नाराजी अंगावर घेतात. त्या नाराजीला आपलं मीटर ‘सेवेतली त्रुटी’ म्हणून नोंदवेल.

तसंच पुळ्यातल्या जीवरक्षकाचं. इथला समुद्र दिसतो तितका सोपा नाही. किनारा पटकन खोल होतो, ओढ आहे, धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत आणि तरी सुट्ट्यांच्या दिवसांत बुडाल्याच्या बातम्या येतात. जीवरक्षक शिट्टी मारून कंबरभर पाण्यातून बाहेर बोलावतो तेव्हा वाद होतात. ‘आम्ही एवढ्या लांबून आलोय’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्या गटाला लगेच कागद दिला तर ‘कर्मचाऱ्यांची वागणूक’ या ओळीत काय येईल? आणि ज्या दिवशी शिट्टी वाजली नाही त्या दिवशी सगळे खूष असतील, घरी परत गेले ते सगळे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचं एक पिल्लू येऊन अडकलं. स्थानिक लोक, वनविभाग आणि इतर यंत्रणा जवळजवळ दोन दिवस ते परत समुद्रात ढकलायचा प्रयत्न करत होत्या. ओहोटीत ते उघडं पडायचं, भरतीत ओढायचे प्रयत्न व्हायचे. शेवटी खोल पाण्यात नेलं, पण ते वाचलं नाही. सुट्टीची गर्दी होतीच, खूप जणांनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या संध्याकाळी तुम्ही पुळणीवर प्रश्नावली घेऊन उभे आहात अशी कल्पना करा. ‘आजच्या भेटीने तुम्ही किती समाधानी आहात?’ हा प्रश्न तोंडातून फुटणार नाही. पण त्या दोन दिवसांत तिथे थांबलेल्या एखाद्या मुलीचं समुद्राशी जे नातं जुळलं असेल, ते दहा वेळा बनाना राइड करणाऱ्याचं जुळणार नाही. इकोटुरिझमला जी लॉयल्टी हवी आहे ती हीच ना? तिचा रस्ता समाधानाच्या चौकटीतून जातच नाही. दुःख, भीती, थक्क होणं, लाज वाटणं, यांतल्या कशातूनही जातो.

‘पण समाधान नसेल तर येणार कोण, आणि गावाने खायचं काय?’ हा आक्षेप बरोबर आहे, आणि तो मी गावातच पहिल्यांदा ऐकला. ज्यांच्या घरात दोन खोल्या पर्यटकांना दिल्यात त्यांच्यासाठी पाहुणा खूष होऊन जाणं हा पोटाचा प्रश्न आहे. त्यांनी समाधान जरूर मोजावं. पण ते धंद्याचं मोजमाप आहे, तसंच म्हणावं. त्यावर ‘शाश्वत’चा शिक्का मारून किनाऱ्याच्या नियोजनाला आधार म्हणून देऊ नये. कारण मग पुढची पायरी ठरलेली असते: पर्यटकांनी पार्किंगला कमी गुण दिले, सबब पार्किंग वाढवावं. पार्किंग कोणाच्या वाडीवर, पाण्याचा जादा उपसा कोणाच्या विहिरीवर, सांडपाणी कुठल्या वहाळात, हे ज्यांना सोसायचंय त्यांना कोणी १ ते ५ विचारलेलं नसतं.

गंमत म्हणजे खऱ्या पुनर्भेटीची माहिती गावात पडून आहे. घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या काकूंच्या वहीत आणि फोनमध्ये. कोणतं कुटुंब कितव्यांदा आलं, दर खेपेला किती दिवस राहिलं, कधीपासून यायचं थांबलं, का थांबलं, हे त्या न अडखळता सांगतात. हा इरादा नव्हे, घडलेली गोष्ट आहे. प्रश्नावलीतलं ‘येईन’ आणि वहीतलं ‘आले’ यांतलं अंतर मोजायला कोणी बसत नाही, कारण त्याला पाच वर्षं लागतात आणि पेपर सहा महिन्यांत हवा असतो. (पीएचडीची फेलोशिप किती वर्षांची असते हे तुम्हाला माहीत असेलच, त्यामुळे मी फार मोठ्याने बोलत नाही.)

परत येणं कसं मोजावं, हे कासवं अभ्यासणाऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या पंखाला धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो तिला २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावलेला होता. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी सगळा द्वीपकल्प वळसा घालून कोकणात आली. कासवं एकाच किनाऱ्याशी बांधलेली असतात, पूर्वेची पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, हा समज त्या एका बिल्ल्याने हलवला. फक्त गहिरमाथ्याला बसून मोजत राहिलं असतं तर ती ‘गेली’ म्हणून धरली गेली असती. बिल्ला लावला, चार वर्षं थांबले, आणि दुसऱ्या किनाऱ्यावरही कोणीतरी रात्री फिरून बघत होतं, म्हणून कळलं. आपल्या त्या साठ कुटुंबांचंही असंच असेल. ती कुठल्या तरी पुळणीवर आहेतच, फक्त तिथे आपलं कोणी उभं नाही.

आता देवळामागच्या टेकडीबद्दल, कारण ती या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टेकडी हाच देव, त्यामुळे तिच्यावर पाय द्यायचा नाही, तिच्याभोवती फिरायचं. खाली किनाऱ्याला लागून इतकं बांधकाम झालं, पण टेकडीवर झाडी टिकून आहे. आमच्या अभ्यासाच्या भाषेत याला संरक्षित क्षेत्र म्हणता येईल, देवराईच्या नात्यातलं. त्याची अंमलबजावणी कुठल्याही दंडाशिवाय रोज हजारो अनवाणी पायांनी होते. इथे निष्ठा आहे, निसर्ग आहे, आणि त्या निष्ठेमुळे निसर्गाचं प्रत्यक्ष रक्षण होतं आहे. इकोटुरिझमच्या पाठ्यपुस्तकाला जे हवं ते नेमकं हेच. आणि प्रश्नावलीत ते मावत नाही, कारण तिच्या लेखी टेकडी ‘निसर्गसौंदर्य’ या रकान्यात आणि प्रदक्षिणा ‘धार्मिक सुविधा’ या रकान्यात.

पण हीच निष्ठा टेकडी उतरली की संपते, हेही तितकंच खरं. प्रदक्षिणेच्या वाटेवर कागद न टाकणारा माणूस पन्नास पावलांवर पुळणीवर प्लास्टिकचा ग्लास सोडून जातो. पुळण त्याच्या मनात देवाच्या हद्दीत येत नाही. ही हद्द कुठे आणि का आखली गेली, ती थोडी सरकवता येईल का, हा मला आज या जागेबद्दलचा सगळ्यात खरा संशोधनप्रश्न वाटतो. त्याला पाच पर्यायांची पट्टी पुरणार नाही. माणसांबरोबर टेकडीला फेरी मारावी लागेल आणि मग त्यांच्याबरोबरच पाण्यापर्यंत चालत जावं लागेल.

माझ्या नव्या प्रश्नावलीत समाधानाचा प्रश्न आहे, काढलेला नाही. तो शेवटून दुसरा आहे. त्याच्या आधी हे आहेत: तुम्ही इथे पहिल्यांदा आलात तेव्हा किनारा कसा होता, आठवतं का? आज तुम्हाला इथे कोणी कशाला ‘नाही’ म्हटलं का, आणि ते तुम्हाला पटलं का? तुमच्या घरातलं पूर्वी बरोबर येणारं पण आता न येणारं कोणी आहे का? गावातल्या कोणाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? आणि समाधानाच्या नंतरचा, शेवटचा प्रश्न असा: पुढच्या वेळी सांगितलं की ‘आज गर्दी फार झाली आहे, उद्या या’, तर तुम्ही काय कराल? उत्तरासाठी खाली चार रिकाम्या ओळी सोडल्या आहेत.